डॅनिश अपडेट: औटकी अखेर कामाला आली

वाक्यात 'इक्के'ची ('नाही' या अर्थाच्या डॅनिश शब्दाची) जागा पक्की करायचं या वेळचं ठरलेलं काम बाजूला ठेवलंय, कारण पन्नासच्या पुढचे आकडे एकदाचे कानात शिरायला लागलेत!

सुपरमार्केटातली मुलगी "फेम-ओ-हाल्फेम्स, फेम-ओ-हाल्फिएर्स" म्हणाली आणि स्क्रीनकडे न बघता कळलं: पंचाण्णव क्रोनर, पंचाहत्तर ओर. एकक आधी, दशक नंतर. हे आपलंच वळण, पण इंग्रजी माध्यमातून शिकताना आकडा आधी उलटा करायचा आणि मग परत सुलटा. माझ्या अ‍ॅपमध्ये तर उत्तरही इंग्रजीतच द्यावं लागतं. ते अ‍ॅप काढून टाकलं.

खरी गाठ दशकांची. 'हाल्ट्रेस' म्हणजे ५०, कारण त्याचं जुनं पूर्ण रूप सांगतं 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. (पन्नासावा म्हणताना ते लांबलचक रूप आजही वापरतात.) अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण, तिसरा अर्धा, आपला अडीच. तोही 'अर्धतृतीय'मधूनच झिजून आलाय. ७०चं 'हाल्फिएर्स' म्हणजे अर्धा-चौथा, आणि 'अर्धचतुर्थ'चा आपल्याकडे औट, म्हणजे साडेतीन, झाला. आजोबा घोकून घ्यायचे ती औटकी, साडेतीनचा पाढा! अडीच विसा पन्नास, औट विसा सत्तर, साडेचार विसा नव्वद. मधले ट्रेस आणि फीर्स म्हणजे सरळ तीन विसा, चार विसा. चाळीस मात्र या हिशोबात बसत नाही, तो तसाच पाठ करायचा.

घड्याळही फुकटात सुटलं. 'हाल ट्रे' (शब्दशः 'अर्धा तीन') ऐकून इंग्रजीवाले साडेतीनला उगवतात, आपण अडीचला हजर.

आता छळवाद. आघात 'ट्रेस'वर पडतो, त्यामुळे भरभर बोलताना त्याच्या आधीचा 'हाल' जवळजवळ गिळला जातो. मग ५० की ६०? ५५ आणि ६५ यांत अजूनही गोंधळ होतो. ओर्डनेटवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकायला मिळतात आणि ते उत्तम आहेत, पण तिथे शब्द सुटा असतो, गर्दीतला नाही. अँकी या सरावाच्या अ‍ॅपमधल्या कार्डांच्या मागे आता अंक न लिहिता 'अडीच विसा' असं लिहितोय. त्याने वेग वाढला, गिळलेला 'हाल' काही सापडला नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: डॅनिश फोन नंबर आठ अंकी असतात आणि बहुतेक जण ते जोड्यांनी सांगतात. म्हणजे प्रत्येक नंबरात चार आकडे, तेही धडाधड. कार्डं थांबवतो; मनाला येतील ते आठ अंक मोबाइलच्या डॅनिश आवाजाकडून वदवून लिहून काढायचे. आत्ताच थोडे करून पाहिले. ७० आणि ९० पटकन पकडले, ५०-६०ची मारामारी तशीच. शिवाय मशिनी आवाज 'हाल' फारच स्वच्छ म्हणतो, बाजारात असं कोणी बोलत नाही. खऱ्या माणसांनी नेहमीच्या वेगात म्हटलेल्या आकड्यांचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर पाठवा.