केदार जाधवचं शतक आणि माझा फ्लॅश प्लेअर

गेल्या आठवड्यात एक मास्तर दुकानात आले, म्हणे जुन्या सीडीतले धडे उघडंनात. बघितलं तर ब्राउझरात नुसता करडा चौकोन. "फ्लॅश टाकून द्या की ओ." फ्लॅश म्हणजे ब्राउझरात गेम, व्हिडिओ चालवणारं ॲडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर. म्हटलं मास्तर, फ्लॅश मेला, ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर तो स्वतःच काही चालवंना. मास्तरांना काय पटलं नाही, दुसऱ्या दुकानात गेले असतील. मला मात्र २०१५ चा जुलै आठवला.

तेव्हा बेळगावजवळच्या खानापुरात माझा सायबर कॅफे होता, अकरा मशीन. सकाळी शेतकरी उताऱ्यासाठी यायचे, उतारा कन्नडमधे, म्हणून प्रिंट काढायची आणि वाचूनही दाखवायचा. दुपारनंतर पोरं. पोरांना काय पाहिजे तर गेम आणि मॅच, आणि दोन्ही बहुतेक फ्लॅशवर.

५ जुलैला, रविवारी, इटलीतली हॅकिंग टीम म्हणून कंपनी, सरकारांना पाळतीचं सॉफ्टवेअर विकणारी, तिलाच कुणीतरी फोडलं आणि तिचा ४०० जीबी माल नेटवर उघडा टाकला. त्यात फ्लॅशचं एक भोक होतं, जे ॲडोबीलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे चोरांना किल्ल्या विकणाऱ्याच्या घरात चोरी, आणि किल्ल्या गावभर. भोकाचा प्रकार असा की समजा भाडेकरूनं खोली सोडली पण किल्ली खिशातच राहिली, मधल्या काळात त्या खोलीत दुसऱ्यानं आपलं सामान भरलं, आणि पहिला परत येऊन ते आपलंच समजून वापरायला लागला. मेमरीच्या बाबतीत फ्लॅश हेच करायचा. सामान भरणारा हुशार असला की मशीन त्याचं, तुम्ही नुसतं एखादं पान उघडलं तरी पुरे.

८ तारखेला पॅच (भोक बुजवणारं अपडेट) आला. मी गुरुवारी अकराही मशीनवर टाकला आणि चहाला गेलो. परत येईपर्यंत लाईट जाऊन आली होती (जुलै, खानापूर, पाऊस, लाईट, काय सांगायचं), मशीन परत चालू झाली आणि बघतो तर सगळीकडं जुनाच फ्लॅश! डीप फ्रीज. ज्यांनी कॅफे चालवलाय त्यांना कळलं असेल. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्या सॉफ्टवेअरचं पांढरं अस्वल बसलेलं असतं, रीस्टार्ट झालं की मशीन होतं तसं करून ठेवतं, व्हायरसही पुसतं आणि पॅचही पुसतं. शिफ्ट दाबून अस्वलावर डबल क्लिक, पासवर्ड, थॉ (पहारा बंद) करून रीस्टार्ट, मग पॅच, मग फ्रीज करून परत रीस्टार्ट. अकरा मशीन म्हणजे बावीस रीस्टार्ट. वर एकेका मशीनवर फ्लॅश तीन तीन, इंटरनेट एक्सप्लोररचा वेगळा, फायरफॉक्सचा वेगळा आणि क्रोमच्या पोटात त्याचा स्वतःचा. एक अपडेट केला की झालं असं समजणारे लई होते, मी पण त्यातलाच.

रात्री अकरापर्यंत बसून संपवलं, आणि शनिवारी, ११ तारखेला बातमी की त्याच मालात आणखी एक भोक सापडलंय. ह्यावेळी पॅचच नाही. कधी येणार तर पुढच्या आठवड्यात.

आता करायचं काय? भाऊ म्हणाला अँटीव्हायरस हाय की, शिवाय डीप फ्रीज हाय. पण डीप फ्रीज पुसतं ते रीस्टार्टला, तोवर कुणी बँकेचा पासवर्ड टाइप केला तर गेला तो गेला. आणि माझ्याकडं नेटबँकिंग करायला पण लोक यायचे ना. पॅच नसला की दोनच रस्ते, उघडं ठेवून देवाचं नाव घ्यायचं नाहीतर बंद करायचं. मी बंद केला, सगळ्या मशीनवर, परत बावीस रीस्टार्ट.

नेमकी दुसऱ्या दिवशी, रविवारी, हरारेला इंडियाची झिम्बाब्वेविरुद्ध दुसरी वन-डे, रहाणे कॅप्टन. दुपारी साडेबारापासून पोरं हजर.

"दादा, मॅच लागंना की."

"फ्लॅश बंद केलाय. धोका हाय."

"कसला धोका, आमच्याकडं बँकेत पैसे तरी हाईत काय?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. त्यांच्या ईमेलचं, कॉलेजच्या लॉगिनचं सांगून बघितलं, पण चार पोरं उठून गेली. सगळ्यात वाईट म्हणजे धोका दिसत नाही आणि बंद पडलेली मॅच दिसते, त्यामुळं वाईट मीच. संध्याकाळपर्यंत तर कॅफे रिकामा. १३ ला मोझिलानं फायरफॉक्समधे फ्लॅश आपणहून ब्लॉक केला तेव्हा मला फार बरं वाटलं, भावाला मुद्दाम बातमी दाखवली, तो "बरं" म्हणून जेवायला गेला.

पॅच १४ ला आला, म्हणजे आपल्याकडं रात्रच झालेली, १५ ला सकाळी मी परत अस्वलावर क्लिक करत बसलो. तेवढ्यात त्या चौघांतला एक दारात उभा राहिला, छत्री झाडत.

"दादा, काल केदार जाधवनं शंभर मारले. १०५ नॉट आउट. बघितलास काय?"