लाइन गेली नव्हती

आमच्याकडे शाळेत सिनेमा दाखवायचा ठरला की आधी फोटो कोणत्या ग्रुपवर टाकायचे ते ठरतं, मग तारीख, आणि सिनेमा सगळ्यात शेवटी. यंदा तेवढाही विचार लागला नाही. २४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती, म्हणजे ‘श्यामची आई’. मुख्याध्यापकांनी पेनड्राइव्ह हातावर ठेवला. एकदा बघून घेतो म्हटलं, तर म्हणाले, “अत्र्यांचा सिनेमा आहे गुरुजी, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला. तुम्ही त्याचं सेन्सॉर करता का?”

माणूस वाईट नाही. पण बक्षीस मिळालेली वस्तू लेकरांना चालतेच, असं मानणारी एक जमात आहे आणि ती आमच्या खात्यात फार.

राळेगाव तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी मिळून २७ मुलं. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे. डिसेंबरात आया पहाटेच कापूस वेचायला जातात, त्यामुळे सिनेमा बघून घाबरलेलं मूल दुपारी घरी गेलं, तर घरी असते म्हातारी नाहीतर कुलूप. बाहेरच्यांच्या हे लक्षात येत नाही. शहरातल्या पालकाला मुलाशेजारी बसून बघता येतं. इथे २७ जणांशेजारी मी एकटा.

‘यू’ सर्टिफिकेट बघून जुन्या सिनेमाचा भरवसा धरणाऱ्यांची मला गंमत वाटते. १९८३ पर्यंत आपल्याकडे दोनच कप्पे होते, सगळ्यांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. मधलं ‘यूए’ त्यानंतरचं, आणि त्यात सात, तेरा, सोळा असे वयाचे टप्पे आले ते २०२३च्या दुरुस्तीनं. म्हणजे १९५३ सालच्या सिनेमाचा ‘यू’ एवढंच सांगतो, की यात मोठ्यांपुरतं म्हणून काही नाही. सहा वर्षांच्या पोराला तो झेपेल का, हे त्याला कोणी विचारलेलंच नव्हतं.

रविवारी वही घेऊन बसलो. माझी एक पद्धत आहे. पहिल्यांदा बघायचं, दुसऱ्यांदा पाठ फिरवून नुसतं ऐकायचं. लहान मुलांची भीती कानातून आत शिरते. पडद्यावर नको असलेलं दिसलं तर ती डोळे मिटतात, रडण्याचा आवाज मात्र त्यांना बंद करता येत नाही. जुन्या सिनेमात रक्त नसतं, पण रडणं लांब असतं, आणि त्याखाली वाद्यं वाजत राहतात. मग जड प्रसंगानंतर हसायला, श्वास घ्यायला जागा कुठे आहे ते बघायचं. तिथे मध्यंतर ठेवायचं, खिचडीच्या वेळेप्रमाणे नाही. खोलीत पूर्ण अंधार करायचा नाही, एक खिडकी उघडी. पहिलीची मुलं पुढे बसवायची नाहीत, मोठ्या बहिणींच्या मध्ये. आणि शेवट आधीच सांगून टाकायचा. आई वारते, हे मी सकाळीच सांगणार होतो. मजा जाते म्हणणाऱ्यांनी एकदा पहिलीचा वर्ग सांभाळून बघावा.

वहीत चार गोष्टी उतरल्या. पोहायला जात नाही म्हणून आईचा मार. मोळीचा प्रसंग आणि शिवाशीव. यावर आधी बोलायलाच हवं होतं, कारण माझ्या वर्गात निम्मी मुलं अशा घरांतली आहेत, की त्यांचे पणजोबा त्या गोष्टीत दाराबाहेर उभे असते. आईचं मरण. आणि सावकाराचा माणूस.

चौथ्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या.

तिसरीत एक मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बापानं औषध घेतलं. आमच्याकडे नुसतं औषध म्हटलं की फवारणीचं, पुढे काही सांगावं लागत नाही. कर्ज विनापरवाना सावकाराचं, कागद नाही, म्हणून प्रकरण अपात्र ठरलं आणि सरकारची एक लाखाची मदत मिळाली नाही. वसुलीची माणसं आली त्या सकाळी हा ओट्यावर होता म्हणतात. मी त्याला कधी विचारलं नाही.

दाखवू नये म्हटलं, तर कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे तो. त्या दिवशी त्याला दुसरं काही काम द्यावं, तर सगळ्यांना कळणार. मग मला एक युक्ती सुचली. तिचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

सिनेमा छान चालला. “गुरुजी, रंग कुठं गेले?” हे पाच मिनिटं झालं. कोकणातली ती भाषा कळेना, तेव्हा मी मधेमधे आमच्या बोलीत सांगत होतो. माराच्या प्रसंगाला पोरं हसली. शिमटीचा मार त्यांना ओळखीचा. मी उगीच घाबरलो होतो.

सावकाराचा माणूस दारात येण्याच्या जरा आधी मी मागे गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

“लाइन गेली रे,” म्हटलं. “चला, हात धुवा.”

मुलं उठली. तो उठला नाही. खिडकीकडे कान करून म्हणाला, “नाई गेली जी, गुरुजी. चक्की चालू हाय.”

रस्त्यापलीकडे पिठाची चक्की घरघरत होती. सतरा वर्षं नोकरी केली, पण त्या घरघरीपुढे मला एक वाक्य सुचलं नाही. शाळेचीच गेली असेल, असं काहीतरी पुटपुटलो. तो स्विचकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

मुख्याध्यापकांनी तोवर फोटो पाठवून दिले होते, ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’.

दोन दिवसांनी त्याची आई शाळेत आली, ओटीला कापूस चिकटलेला. मी उठून उभा राहिलो. ती दारातच थांबली.

“गुरुजी, पोट्ट्यानं रात्री मोबाइलवर लावला थो सिनेमा. म्हणे, गुरुजीनं बंद केला, आपल्यासाठी केला.”

मी बोलायला लागलो, तेवढ्यात तिनं हातानं थांबवलं.

“तुमचं काई चुकलं नाई जी. पण थे बाई त्या वसुलीवाल्याले बोलते ना, थे म्या दोनदा पायलं. मले त्या दिवशी तोंडातून शब्द नाई निघाला.” जरा थांबून म्हणाली, “पोट्ट्यालेबी दाखोलं.”

मी तो प्रसंग रविवारी दोनदा बघितला होता, एकदा पाठ फिरवून. वहीत लिहिलं होतं ‘सावकाराचा माणूस’. आई काय बोलते, ते लिहिलंच नव्हतं.

तिला काय म्हणायचं होतं हे मला पूर्ण कळलं, असं मी अजूनही म्हणणार नाही. एका आईनं आपल्या पोराला तो प्रसंग दाखवला, म्हणून तो सगळ्यांना दाखवण्याजोगा झाला का? पहिलीतली एक मुलगी पुढच्या शनिवारी, शेवट आधी सांगूनही, बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून इतकी रडली, की मी तिला बाहेर हापशीवर घेऊन गेलो. तिच्या घरी सगळं नीट आहे. ती माझ्या वहीत कुठेच नव्हती.

त्या शनिवारी उरलेला सिनेमा लावायच्या आधी मी सगळ्यांना जागा सांगितल्या. तो त्याच्या जागेवर बसला नाही. पाटी-दप्तर उचलून मागे गेला आणि मेन स्विचखाली भिंतीला पाठ लावून बसला.

“इथून दिसते का रे?” मी विचारलं.

“दिसते जी,” म्हणाला. “तुमी लावा.”