15 ऑगस्टला खुलन्यात तिरंगा लागला होता

फाळणीवर चर्चा सुरू झाली की गाडी गांधी-नेहरू-जिना यांच्यावरच येऊन थांबते, दोष कोणाचा वगैरे. मला मात्र वेगळीच गोष्ट डाचते. 15 ऑगस्ट 1947 ला पंजाब आणि बंगालच्या सीमाभागातल्या लाखो लोकांना आपण नक्की कुठल्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं!

सीमारेषा आखायला नेमलेला ब्रिटिश वकील रॅडक्लिफ 8 जुलैला भारतात आला, त्याआधी त्याने हा देश पाहिलेलासुद्धा नव्हता. हाताशी जेमतेम पाच आठवडे. पंजाब आणि बंगालच्या दोन्ही सीमा कमिशनवर काँग्रेसने सुचवलेले दोन आणि मुस्लिम लीगने सुचवलेले दोन जज, त्यांचं एकमेकांशी पटेना, म्हणजे शेवटी निर्णय या एका माणसाचाच. निवाड्यावर तारीख 12 ऑगस्टची आहे पण लोकांसमोर आला 17 ला, कारण व्हाइसरॉय माउंटबॅटनला स्वातंत्र्याचा सोहळा निर्विघ्न पार पाडायचा होता आणि पुढे जे होईल त्याची जबाबदारी ब्रिटिशांवर यायला नको होती.

बंगालमधल्या मुर्शिदाबादचं बघा. मुस्लिम बहुसंख्य जिल्हा, त्यामुळे लोकांनी पाकिस्तानचा झेंडा लावला, आणि बंगालमधल्याच खुलना जिल्ह्यात हिंदू थोडेसे जास्त म्हणून तिथे तिरंगा. 17 तारखेला कळलं की सगळं उलटं आहे, मुर्शिदाबाद भारतात आणि खुलना पाकिस्तानात. भागीरथी गंगेपासून फुटते ती मुर्शिदाबादजवळ आणि कलकत्ता बंदर त्याच पाण्यावर चालतं, म्हणजे धर्मावर देश तोडायला बसले आणि ऐनवेळी नदी बघितली. नदी बघायला माझी हरकत नाही हो, पण मग तिथल्या माणसांना आधी सांगा ना! दोन दिवस ज्या झेंड्याखाली मिरवणुका काढल्या तोच उतरवायचा आणि शेजाऱ्याने ते बघितलेलं असणार, त्यानंतर त्या गल्लीत कसं राहायचं?

काही जण म्हणतात की आधी जाहीर केलं असतं तरी कत्तली झाल्याच असत्या. पंजाबात तर त्या मार्चपासूनच चालू होत्या, मान्य. पण सत्ता सोडायची मुदत मुळात जून 1948 पर्यंत होती, ती माउंटबॅटननेच अलीकडे ओढली. ते दहा महिने हातात असते तर रेषा आधी कळली असती, कुठे किती फौज ठेवायची ते ठरलं असतं, ज्यांना निघायचंच होतं ते निदान सामान बांधून, म्हाताऱ्यांना सोबत घेऊन निघाले असते. या घाईला मी तरी माफ करू शकत नाही.