शेवटच्या दिवसापासून आखलेली सुट्टी

आमच्या पहिल्या स्कूबा (पाठीवर हवेचा टँक लावून पाण्याखाली पोहण्याच्या) सुट्टीचं वेळापत्रक मी उलट्या टोकाकडून लिहायला घेतलंय. आधी परतीचं विमान, त्याच्या आदल्या दिवशी 'पाण्यात उतरायचं नाही' अशी ठळक नोंद, आणि मग उरलेल्या जागेत बाकी सगळं. धाकट्या भावाला हे बघून नवल वाटलं. "ताई, अजून बेट कोणतं ते ठरत नाहीये आणि तू परत कधी यायचं ते ठरवतेयस?" हो, कारण बाकी सगळं मागेपुढे सरकवता येतं. विमानाआधीचे ते तास मात्र सरकवता येत नाहीत.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे यामागचं कारण वाचताक्षणी पटलं. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. १८ मीटरवर, म्हणजे सुरुवातीच्या अभ्यासक्रमाची जी मर्यादा असते तिथे, दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ २.८ पट होतो. टँकमधली हवा आपण त्याच दाबाने श्वासात घेतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि दाब वाढला की तो रक्तात, स्नायूंत, चरबीत जास्त विरघळतो. सावकाश वर आलं की तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई केली तर शरीरातच त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हर लोक याला 'बेंड्स' म्हणतात. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते मांडले. आज मनगटावर बांधायचा डायव्ह कॉम्प्युटर क्षणाक्षणाला जे गणित करतो, त्याची सुरुवात तिथे झाली.

आता विमानाचं. केबिनमधला दाब जमिनीवरच्या दाबाइतका नसतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असेल तेवढा असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे जाणं म्हणजे पाण्याबाहेर आल्यावर आणखी वर जाणंच. म्हणून डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी की एकच साधी डायव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि सलग काही दिवस किंवा दिवसाला अनेक डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. आम्ही पूर्ण २४ तास धरणार आहोत. हाच नियम डोंगरालाही लागू होतो, आणि उष्णकटिबंधातली कितीतरी बेटं ज्वालामुखीची असल्याने ते विसरून चालणार नाही. हवाईतल्या माउई बेटावर सकाळी डायव्ह करून दुपारी ३०५५ मीटर उंचीच्या हालेआकालावर गाडीने जायचं, हे नकाशावर फार सोपं दिसतं. डोंगर आधी आणि समुद्र नंतर, असा क्रम लावला की झालं.

वेळापत्रकात दुसरी नोंद डॉक्टरांची. अभ्यासक्रमाला नाव नोंदवताना आरोग्याची एक प्रश्नावली भरावी लागते. पहिल्या पानावर १० प्रश्न असतात: फुप्फुसं, हृदय, कान, फिट्स, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, चालू औषधं वगैरे. काही प्रश्नांना 'हो' म्हटलं की पुढचा तपशील भरायचा आणि तिथेही 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते. भावाला लहानपणी दमा होता. आता वर्षानुवर्षं त्रास नाही, इनहेलर नाही, डोंगर चढतो, पळतो. त्याचं म्हणणं, "आता काही नाही तर 'नाही'च लिहू की!" यावर मी त्याच्याशी बरंच बोलले. प्रश्न फॉर्मचा नाहीच. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि त्यांच्यापलीकडे हवा अडकू शकते. वर येताना दाब कमी होतो आणि ती अडकलेली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटतं. शिवाय टँकमधली हवा कोरडी आणि गार असते, काहींच्या श्वासनलिका नेमक्या तिनेच आकसतात. समुद्रकाठच्या टेबलावर, बोट सुटायला अर्धा तास असताना हा फॉर्म पहिल्यांदा हातात आला तर माणूस 'नाही'वर खूण करून मोकळा होतो. म्हणून तो आत्ताच उतरवून घ्यायचा, घरी शांतपणे भरायचा आणि गरज असेल तर तपासणी करून घ्यायची. भाऊ तयार झालाय. दमा होता म्हणून सरसकट बंदी नसते, फुप्फुसांच्या चाचण्या बघून डॉक्टर ठरवतात.

माझी स्वतःची काळजी कानांची आहे. बॉइलचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं. हा १६६२ सालचा नियम आता माझ्या कानाच्या पडद्यामागे घडणार आहे! पृष्ठभागावरून १० मीटरवर गेलं की हवेचं आकारमान निम्मं होतं. तिथून पुढे आणखी निम्मं व्हायला ३० मीटरपर्यंत जावं लागतं. म्हणजे सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरांतच होतो. 'आम्ही काही खोल जाणार नाही, मग कशाची भीती' असं वाटणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. कान दुखतात ते उथळ पाण्यातच.

उपाय सोपा आहे, पण सवय हवी. नाक चिमटीत धरून अगदी हलकेच नाकाने फुंकायचं. अंतोनियो व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव या क्रियेला आहे. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं, दुखण्याआधीच करायचं. पाण्याखाली जायच्या आधी एकदा आणि मग खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला. पाय खाली ठेवून दोरीला धरून उतरायचं, कान उघडला नाही तर थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरलं आणि खाली असताना त्याचा असर संपला, तर वर येताना फुगणारी हवा कानात कोंडते. म्हणून वेळापत्रकाच्या मध्यात एक दिवस मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. सर्दीसाठी, वाऱ्यासाठी किंवा नुसतं दमायला झालं तर. नवशिक्यांच्या सहलीत मला सगळ्यात किमती दिवस तोच वाटतो.

आणि याच गणिताचा दुसरा भाग: टँकमधून श्वास घेत असताना तो कधीही रोखून धरायचा नाही. भरल्या फुप्फुसांनी श्वास कोंडून वर आलं तर एक-दीड मीटरचा फरकही इजा करू शकतो. अभ्यासक्रमात पहिल्या दिवशी पहिला नियम हाच शिकवतात.

अभ्यासक्रमाबद्दल आमच्यात थोडे मतभेद आहेत. नुसता अनुभव घ्यायचा तर एका दिवसाची ओळख-डायव्ह असते. तिच्यात प्रशिक्षक सतत हाताशी असतो आणि खोली १२ मीटरच्या आत. प्रमाणपत्र हवं तर 'ओपन वॉटर डायव्हर'. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रमात न थांबता २०० मीटर पोहणं, १० मिनिटं तरंगणं, थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रात चार डायव्ह असतात. सगळं बेटावरच करायचं म्हटलं तर तीन-चार दिवस जातात. दुसरा मार्ग असा की थिअरी ऑनलाइन आणि पूलचा भाग निघण्याआधी घराजवळच उरकायचा, तो झाल्याचं तिथलं पत्र घेऊन जायचं आणि बेटावर फक्त त्या चार डायव्ह करायच्या. भावाला सगळं एकाच प्रशिक्षकाकडून शिकायचंय. शिकवणाऱ्या माणसाशी ओळख झाली की विश्वास बसतो, असं तो म्हणतो. मी शिक्षिका असल्याने मला ते पटतंही. तरीही मी पूल आधी करण्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण मास्क.

नवशिके घाबरतात ते बहुतेकदा खोलीला नाही, मास्कमध्ये पाणी शिरण्याला. पाण्याखाली मास्क पूर्ण भरू द्यायचा, काढायचा, परत घालायचा आणि वरची कड कपाळावर दाबून नाकाने हवा सोडत तो रिकामा करायचा. हे सगळं चालू असताना तोंडाने श्वास सुरूच. नाक उघडं असताना फक्त तोंडाने श्वास घेणं मेंदूला अजिबात रुचत नाही. हा झगडा कमरेएवढ्या पाण्यात, हवं तेव्हा उभं राहता येतं अशा ठिकाणी झालेला बरा. आम्ही आत्तापासून पूलमध्ये मास्क न लावता नुसत्या स्नॉर्केलने (तोंडात धरायच्या श्वासनळीने) श्वास घेत तोंड पाण्यात घालून राहतो. पहिल्यांदा नाकात पाणी जातं, नंतर जात नाही. इतकी छोटी गोष्ट, पण तिने मन केवढं सुटं होतं!

सामानात विकत घेणार तो फक्त मास्क. बाकी बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण), फिन्स (पायातली वल्ही), वेटसूट (अंग ऊबदार ठेवणारा पोशाख) भाड्याने मिळतात. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हवा ओढायची. हात सोडल्यावर पडला नाही तर तो आपला. मला चष्म्याचा मोठा नंबर आहे, म्हणून नंबरच्या काचा बसवता येतील असा मास्क घेतलाय. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, पण त्यावर भरवसा ठेवून चष्म्याशिवाय उतरायचं नाही. शेजारी माशांचं मोहोळ असेल आणि मला फक्त रंगीत धूसर काहीतरी दिसेल, हे मला चालणार नाही. पाणी २८ अंश असलं तरी वेटसूट हवाच, कारण हवेपेक्षा पाण्यात शरीराची उष्णता कितीतरी वेगाने जाते. मळमळीवरची गोळी निघण्याआधी घरीच एकदा घेऊन बघायची, काहींना तिने फार झोप येते.

बेटाचा प्रश्न एवढं सगळं झाल्यावर येतो. फोटो बघून बेट निवडायचं नाही, हे मी पक्कं केलंय. कोमोडो आणि गालापागोस ही नावं सगळीकडे भेटतात, पण तिथले प्रवाह जोरदार, आणि गालापागोसचं पाणी थंडही. ती नंतर. मालदीवमधल्या प्रवाळकड्यांमधल्या खाड्यांतही भरती-ओहोटीची ओढ असते. शांत लगूनमधली (कड्यांच्या आतल्या उथळ पाण्यातली) रीफ, म्हणजे प्रवाळांची रांग, असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या हनिफारू बेमध्ये मांटा रे हे पंखांसारखे पसरट मोठे मासे जमतात, पण तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल. थायलंडमधलं कोह ताओ नवशिक्यांचं गाव म्हणावं इतक्या शाळा तिथे आहेत. फक्त नोव्हेंबरच्या आसपास तिथे पाऊस, तर त्याच सुमारास अंदमानातल्या स्वराज द्वीपला चांगला काळ सुरू होतो. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, पण बोनेर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने तिथे वादळाचा धोका कमी.

शाळांना पत्र लिहिताना मी काही प्रश्न ठेवलेत. समुद्रात एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ? नियमात आठ बसतात, मला प्रत्यक्षातला आकडा हवाय. बोटीवर ऑक्सिजन असतो का? जवळचं रीकम्प्रेशन चेंबर (बेंड्स झाल्यावर पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे? माझा कान उघडला नाही तर पुढच्या दिवशी परत संधी मिळेल का? आणि शेवटचा, ज्याचं उत्तर मी सगळ्यात लक्ष देऊन वाचते: कौशल्यं तळावर गुडघे टेकून शिकवता की तरंगत? तरंगत शिकलेला माणूस पहिल्यापासून श्वासाने आपली उंची सांभाळतो आणि प्रवाळावर आपटत नाही. पोराइट्ससारखं गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. एका फिनच्या फटक्यात जे तुटेल ते पुन्हा यायला माझं उरलेलं आयुष्यही पुरणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन (उष्णतेने प्रवाळ पांढरे पडणं) जाहीर झालं. तापलेल्या समुद्रापुढे माझ्या हातात फार काही नाही, पण माझे पाय माझ्या ताब्यात आहेत. पालाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून काही रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातलीय. आम्ही तर लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडेच घेतोय, म्हणजे क्रीम लागेल ते चेहऱ्यापुरतं.

भावाच्या फुप्फुसांची तपासणी अजून व्हायचीय आणि तिचा निकाल हातात येईपर्यंत तिकिटं काढायची नाहीत. डॉक्टर नको म्हणाले तर तो टँक लावणार नाही, हे आमचं ठरलंय. तसं झालं तरी त्याने बोटीवर बसून माझी वाट बघू नये, अशी माझी इच्छा आहे. म्हणून बोनेर यादीत वर सरकलंय. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर रीफ अगदी काठापासून सुरू होते, डायव्हच्या जागा रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर लिहिलेल्या असतात आणि बोटीशिवाय चालत पाण्यात शिरता येतं. १९७९ पासून सभोवारचा समुद्र संरक्षित आहे. हातमोजे घालायला बंदी आहे, म्हणजे कशाला हात लावायचा मोहच नको. त्याला परवानगी मिळाली तर दोघं खाली जाऊ. नाही मिळाली तर मी खाली आणि तो स्नॉर्केल लावून वर, पण एकाच रीफवर. तिथल्या शाळांना हाच प्रश्न आज लिहून पाठवलाय: वर्गाच्या डायव्ह जिथे होतात, तिथे स्नॉर्केल करणाऱ्याला शेजारून येता येईल का?