डब्यातला पाऊस

फाल्गुन संपत आला होता आणि कोथरूडमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागची दोनशे चौरस फुटांची बाग माझ्यावर रुसल्यासारखी झाली होती. रोज सकाळी नळीने पाणी घालूनही कुंड्यांतली माती वरून ओली आणि आतून कोरडीच राहत असे, कारण एकदा खडखडीत वाळलेली माती पाणी धरून ठेवत नाही. ते कडेकडेने उतरते आणि तळाच्या भोकातून सरळ फरशीवर येते. त्यातून आमच्याकडे झाडांना बोअरचे पाणी. त्या जड पाण्यातले क्षार मातीच्या कुंड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्या पापुद्र्यासारखे साचले होते आणि गुलाबाच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. अशातच एका दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले आणि पाऊण तास पाऊस नुसता कोसळला.

उन्हाळ्यातल्या प्रत्येक पावसाला सरसकट अवकाळी म्हणण्याची जी पद्धत हल्ली पडली आहे, ती मला पटत नाही. वैशाखात दिवसभराच्या काहिलीनंतर संध्याकाळी वादळवारा घेऊन येतो तो वळीव. त्याची वाट पाहिली जाते आणि तो येणार हे धरूनच गच्चीवरची वाळवणे आवरली जातात. हा पाऊस मात्र खरोखरच अवकाळी होता. उत्तरेकडचे कोरडे वारे आणि समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे यांची गाठ पडली की ऐन फाल्गुनातही गडगडाट होतो, हे ठाऊक असूनही दोरीवरचे कपडे भिजायचे ते भिजलेच.

पाऊस थांबल्यावर मागच्या पायरीवर विसरलेला सरळ कडांचा पत्र्याचा डबा दिसला. त्यात मुलाची पट्टी बुडवून पाहिली, तर पाणी दोन सेंटिमीटर भरले, म्हणजे वीस मिलिमीटर पाऊस. मग उगाचच हिशेब मांडत बसले: दोनशे चौरस फुटांवर वीस मिलिमीटर म्हणजे सुमारे 370 लिटर, पंधरा लिटरच्या जवळजवळ पंचवीस बादल्या. तेवढे पाणी मी चार-पाच दिवसांत नळीने घालतेच. मग बागेवर जी कळा दुसऱ्या दिवशी सकाळी आली, ती माझ्या पाण्याने कधी का येत नाही? विजांमुळे हवेतला नत्र पावसात उतरतो आणि त्याने झाडे हिरवी होतात, असे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. नत्र उतरतो हे खरे, परंतु एका सरीतून मिळतो तो अगदीच थोडा. माझ्या मते मोठे काम झाले होते ते धुण्याचे. समोरच्या बांधकामाची महिनाभराची धूळ पानांवरून उतरली होती आणि बिनक्षारांचे पाणी कुंड्यांतून आरपार गेल्याने मातीत साठलेले क्षारही बरेचसे वाहून गेले होते.

मृद्गंधावर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ते सोडून देते. मला अधिक आनंद झाला तो जास्वंदीच्या शेंड्यांना चिकटलेले पिठ्या ढेकूण बरेचसे धुऊन निघाले याचा. साबणाचे पाणी फवारून मी महिनाभर त्यांच्याशी झुंजत होते. मोगऱ्याच्या पहिल्या कळ्या तेवढ्या झडल्या. भिंतीच्या कडेला जूनमध्ये दिसायच्या त्या पुष्कळ पायांच्या वाणी आत्ताच निघाल्या होत्या आणि काठीचा स्पर्श होताच चकलीसारख्या वेटोळे करून पडत होत्या.

चौथ्या दिवशी पावसाळी लिली फुलली. वर्षभर गवताच्या जुडीसारखी पडून राहणारी ही कुंडी मी दोनदा टाकून द्यायला निघाले होते. नळीच्या पाण्याला ती दाद देत नाही. पाऊस पडला की मात्र तीन-चार दिवसांत कांद्यांतून एकेक पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच गुलाबी फूल उमलते. त्या सकाळी मी सतरा फुले मोजली, फोटो काढला आणि हौसेने नात्यातल्या मंडळींना पाठवून दिला.

दुपारी निफाडहून मामेभावाचा फोन आला. त्याच पावसाने त्याच्या एका प्लॉटमधल्या द्राक्षांना क्रॅकिंग झाले होते. साखर भरलेला मणी पाणी ओढतो, साल ताणत नाही आणि मणी तडकतो. तडकलेले मणी घडात राहिले तर अख्खा घड कुजतो, म्हणून मजूर लावून ते कात्रीने काढणे चालू होते. हे सगळे त्याने हवामानाची बातमी सांगावी तसे सांगितले आणि मग म्हणाला, "ताई, तुझ्या कुंड्यांना मात्र बरा झाला. लिली छान आलीय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. "हो, फुलली खरी," एवढेच म्हणाले आणि दुसऱ्या प्लॉटची काढणी कधी, ते विचारले. अजून आठवडा लागणार होता.

फोन ठेवून मागे आले, तर उन्हाने लिलीच्या पाकळ्या कडेने सुकू लागल्या होत्या. डबा पायरीवर तसाच होता. आणखी एखादी सर आली तर मोजता येईल म्हणून मी तो मुद्दामच उचलला नव्हता. त्याच्या तळाशी राहिलेले थोडेसे पाणी गुलाबाला घातले, डबा पुसला आणि आत नेऊन फडताळात ठेवला.