उणे १९६ अंशांवरची दुकानदारी : आमची वाटचाल

आमचा धंदा गाई-म्हशींनी उभा केला. बाबा नागपूरजवळच्या हिंगण्याहून द्रव नायट्रोजन भरून काटोल-सावनेरकडच्या जनावरांच्या दवाखान्यांना पोचवायचे; कृत्रिम रेतनाच्या गोठित रेतमात्रा त्यातच टिकतात. पुढे टेस्ट ट्यूब बेबी सेंटरं निघाली. गिऱ्हाईक बदललं, माल तोच, उणे १९६ अंशांचा.

ऑक्टोबर २०२३मध्ये नेक्सकार१९ला मंजुरी मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेली ही देशातली पहिली कार-टी थेरपी. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, कॅन्सर ओळखणारा रिसेप्टर त्यांच्यावर बसवायचा, वाढवून परत द्यायच्या. अशा पेशी गोठवून न्यायच्या तर आपलंच काम, म्हणून आम्ही ड्राय शिपर, म्हणजे गोठवलेला माल न्यायची थर्मससारखी भांडी, घेतले. यात नायट्रोजन आतल्या सच्छिद्र थरात मुरतो, सांडत नाही. आमच्याकडे प्रत्येक शिपर भरून, उरलेला नायट्रोजन बाहेर ओतून काट्यावर चढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतो. वजन नेहमीपेक्षा जास्त घटलं किंवा बाहेरून दव धरलं, की भिंतीतला व्हॅक्यूम गेला समजायचं. तो शिपर गाडीत जात नाही, मग समोरचा कितीही घाई करो. कमाई म्हणाल तर अजून रेतमात्रांच्या कंटेनरांचीच जास्त. बँकेच्या साहेबांना कौतुक मात्र कार-टीचं.

फोन येतात ते तोंडाच्या कॅन्सरचे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या मुलखात दुसरं काय येणार! त्यांना स्पष्टच सांगतो, हे औषध बी-पेशींच्या, म्हणजे दुसऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या, रक्ताच्या कॅन्सरचं आहे. त्या पेशींवर सीडी१९ ही खूण असते, आणि निरोगी बी-पेशी सोबत गेल्या तरी माणूस निभावतो. गाठीच्या कॅन्सरला अशी सोयीची खूण सापडत नाही; जी सापडते ती बहुधा चांगल्या पेशींवरही असते. त्यात टी-पेशी गाठीत शिरताना अडतात, शिरल्या तर आत थकतात. अमेरिकेत २०२४मध्ये गाठीच्या कॅन्सरवरच्या दोन टी-पेशी उपचारांना मान्यता मिळाली : मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी लिफिल्युसेल, सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कॅन्सरसाठी अफामी-सेल. तोंडाचा कॅन्सर त्यात नाही. तेव्हा आधी ऑपरेशनची तारीख घ्या, असं आम्ही म्हणतो. डॉक्टर नाही आम्ही, पण एवढं सांगायला डॉक्टर लागत नाही.

लिफिल्युसेलमध्ये गाठीत आधीच शिरलेल्या टी-पेशी काढून वाढवतात. म्हणजे ऑपरेशनमधला ताजा तुकडा लॅबपर्यंत गारव्यात न्यायचा, पण गोठू द्यायचा नाही. जन्मभर गोठवण्यात गेलेल्या आमच्या पोरांना हे नवीन. २ ते ८ अंशांची एक पेटी मागवली आहे. मे महिन्यात, पारा ४५ला टेकला की, तापमान नोंदवणारा लॉगर टाकून वर्धा रोडवर फिरवणार; त्यात उतरली तरच पुढच्या पेट्यांची ऑर्डर.