धुण्याआधी बघ

डेट्रॉईटच्या पोटात मिठाची खाण आहे. जमिनीखाली हजार फुटांहून खोल, अजून चालू असलेली. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इकडच्या रस्त्यांवर मीठ ओततात आणि ते मीठ गाड्यांचा पत्रा खातं. ज्या शहरानं जगाला मोटारी पुरवल्या, त्याच्याच पोटातलं मीठ मोटारींच्या मुळावर! म्हणून इथं जुनी गाडी घेणारा माणूस बॉनेट उघडायच्या आधी गुडघे टेकून खालून बघतो. मी तर सरळ टेनेसीला गेलो. तिकडे बर्फ कमी, मीठ कमी. तिथून आणली १९९२ची माझदा मियाटा. निळी, दोन सीटची, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. "मग लेकीला कुठं बसवायचं?" हा बायकोचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी होती, कारण थंडीत स्प्रे पेंट नीट वाळत नाही. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळी बॉनेट उघडलं. आत सगळं एकाच रंगाचं, चहाच्या टपरीवरच्या स्टोव्हसारखं. डिग्रीझरची, म्हणजे तेलकट मळ काढणाऱ्या द्रवाची, बाटली हातात घेतली तेवढ्यात सांगलीहून बाबांचा व्हिडिओ कॉल.

"थांब, थांब. धुण्याआधी बघ. एकदा धुतलंस की तेल कुठून येतंय ते काय कळणार?"

बाबांनी आयुष्यात एकच इंजिन खोललंय, आमच्या चेतक स्कूटरचं. दर रविवारी अंगणात पोतं अंथरायचं, रॉकेल, जुन्या बनियनचं फडकं, प्लगवरचा कार्बन काढायला काच कागद. पण त्या एका इंजिनाच्या जोरावर ते कुठल्याही इंजिनाबद्दल बोलतात. आणि वैताग म्हणजे बरोबर बोलतात.

मग बाटली ठेवली आणि टॉर्च घेतला. पुढच्या भागात नुसती कोरडी धूळ. मियाटाची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे बॉनेटखाली हात फिरवायला बरीच जागा. मागे मात्र, इंजिन आणि केबिनच्या पत्र्यामधल्या चिंचोळ्या फटीत, ओला काळा थर होता आणि तो खाली गिअरबॉक्सपर्यंत ओघळला होता. टेनेसीतल्या एका मेकॅनिकनं हा ओघळ खालून बघूनच निकाल दिला होता: क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. इथं मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर. मी खर्चाची मनाची तयारी करून बसलो होतो.

पण बोट लावत ओघळ वर वर नेला तर तो सीलच्या बराच वर सुरू होत होता. तेल काही चढत नाही. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, अगदी मागे, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या (कॅमशाफ्टच्या) टोकाला एक सेन्सर असतो. त्याची रबरी ओ-रिंग तीस वर्षांत प्लास्टिकच्या बांगडीसारखी कडक झाली होती. नवी रिंग दोन-तीन डॉलरची. बोल्ट एकच, बाराचा. तो सेन्सर जरासा फिरला तरी इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं, म्हणून आधी खडूनं खूण केली आणि मग दोन तास त्या फटीत हात घालून बसलो. बोटांची सालं गेली. शेजारून हीटरचे पाइप जातात, तेही तेल पिऊन लिबलिबीत झाले होते. तेही बदलले.

आता धुणं. सांगलीत गाडी धुतली की पाणी रस्त्यावर, आणि विषय संपला. इथं ड्राइव्हवेच्या टोकाशी जी जाळी असते, तिच्यातलं पाणी कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय ओढ्यात आणि तिथून रूज नदीत जातं. ही नदी १९६९ साली पेटली होती. नदी, पाण्याची, पेटली! तेलाचा तवंग होता तेवढा. त्यामुळे पाइप लावून धो धो धुण्याचा मोह आवरला. खाली ताडपत्री, तिच्यावर मांजराच्या शौचाची ती दाणेदार माती (तेल शोषायला तिच्यासारखं काही नाही), आणि दातांचे जुने ब्रश. जांभळ्या रंगाचं जालीम डिग्रीझर मिळतं, ते घेऊ नका. त्यातल्या अल्कलीनं ॲल्युमिनियम काळं पडतं. मी संत्र्याच्या वासाचं साधं घेतलं. गंजलेले छोटे बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये आणि सकाळी सोड्याच्या पाण्यात, भज्यांत घालतो तोच सोडा.

एवढं जपून एक घोळ झालाच. सेन्सर, कॉइल, अल्टरनेटर सगळ्यांना पिशव्या बांधल्या, पण या इंजिनाचे प्लग टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मधोमध खोल विहिरींत असतात, हे विसरलो. संध्याकाळी चालू केली तर मिसिंग. तिसऱ्या विहिरीत पाणी साचलं होतं आणि गाडी तीन सिलिंडरवर लंगडत होती. बाबा फोनवर हसत म्हणाले, "चेतक तिरकी करायचो तशी कर तिरकी." शेवटी हवा मारून सुकवली.

मग खरी हौस, टॅपेट कव्हर. ते काढून, रंग खरवडून त्यावर सुरकुत्यांचा काळा रंग मारला. तीन थर, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका, मध्ये पाच-पाच मिनिटं. ऊब मिळाली की रंग आपोआप आक्रसतो आणि हत्तीच्या कातडीसारखा दिसतो. स्वयंपाकघरातला ओव्हन वापरायची परवानगी अर्थातच मिळाली नाही, मिळायलाही नको होती. बायकोच्या हेअर ड्रायरवर भागवलं. तोही नंतर मला नवा आणून द्यावा लागला. नव्या पॅकिंगवर कव्हर बसवताना बोल्ट अगदी हलके आवळायचे, ९ न्यूटन-मीटरच्याही आत. आपला हात सवयीनं जास्तच पिळतो.

वायरिंगवरची चिकट झालेली टेप काढून कापडी टेप गुंडाळली. कंटाळवाणं काम, पण फरक पडतो. वायरी पत्र्यामागे लपवायच्या फंदात मी पडलो नाही. इथं ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथं बॉनेट उघडून ठेवलेली इंजिनं आरशासारखी असतात. क्रोमच क्रोम. बघायला आवडतं, पण त्यातल्या कित्येकांत वायर कुठून कुठं जाते ते कळत नाही, आणि बिघाड झाला तर शोधायचं काय?

माझी चैन एकच: फ्यूजबॉक्सचं झाकण. मूळ स्टिकर वाचता येत नव्हता, म्हणून लेकीनं पांढऱ्या रंगानं, जीभ बाहेर काढून, अक्षरं काढली: मेन, पंखा, दिवे, भोंगा. 'भोंगा'तला अनुस्वार जरा मोठा झालाय.

परवा पन्नास मैल फिरवून आणली आणि बॉनेट उघडलं. मागची फट कोरडी ठणठणीत. पण पुढे, पुलीच्या मागे, धुतलेल्या ॲल्युमिनियमवर मोहरीएवढा एक तपकिरी थेंब. मधाच्या रंगाचा, ताजा. फोटो काढून बाबांना पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर: "पुसू नकोस. उद्या किती मोठा होतो बघ."